ब्लू नोटची मूळ तबकडी: आधी कान, मग बोली

लिलावाच्या साइटवर एकाच जॅझ अल्बमच्या दोन तबकड्या शेजारीशेजारी दिसतात. मुखपृष्ठ तेच, वादक तेच, कॅटलॉग क्रमांकही तोच. एकीची बोली 60 डॉलरवर थांबते, दुसरी चार आकडी ओलांडते. नवख्याला वाटतं, कुणीतरी पैसेवाला वेडा भेटला. तसं फार क्वचित असतं. दुसरीच्या लेबलवर एक जुना पत्ता असतो आणि खाचा संपल्यावर उरलेल्या गुळगुळीत पट्टीत एक पुसट खूण असते. जास्तीचे पैसे या दोन गोष्टींसाठी मोजलेले असतात.

जॅझच्या दुर्मिळ तबकड्यांत प्रेस्टीज, रिव्हरसाइड, ब्रिटनमधली कोलंबिया अशा बऱ्याच कंपन्या येतात. पण पारख शिकायची तर ब्लू नोटवरच शिकावी. खुणा सर्वांत जास्त तिच्यावर आहेत आणि फसवणूकही तिथेच जास्त चालते. आल्फ्रेड लायनने 1939 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली ही कंपनी. 1966 मध्ये ती लिबर्टी रेकॉर्ड्सच्या ताब्यात गेली, आणि संग्राहकांचं ‘मूळ’ तिथे संपतं. पुढचं सगळं त्याच शंभर नंबरी मास्टरवरून, म्हणजे मूळ साच्यावरून, निघालं असलं तरी भाव वेगळा.

पत्ता वाचायला शिका

लेबलच्या खालच्या कडेला कंपनीचा पत्ता असतो. 12 इंची तबकड्यांवर तो या क्रमाने बदलत गेला. सुरुवातीला ‘767 लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू एनवायसी’. 1957 पासून ‘47 वेस्ट 63र्ड’. त्यातही काही काळ शेवटी ‘एनवायसी’ऐवजी ‘न्यूयॉर्क 23’ असं छापलेलं आढळतं. 1959 च्या सुमारास त्याच पत्त्याच्या लेबलवर कंपनीच्या नावापुढे ‘इन्क’ आलं आणि वर्तुळातलं नोंदणीचिन्ह ® आलं. 1962 च्या आसपास पत्ता गेला आणि नुसतं ‘न्यूयॉर्क यूएसए’ राहिलं. 1966 नंतर ‘ए डिव्हिजन ऑफ लिबर्टी रेकॉर्ड्स’.

आता हे कॅटलॉग क्रमांकाशी जुळवा. 1957 मध्ये निघालेल्या 1500 मालिकेतल्या तबकडीच्या लेबलवर ® असेल तर ती पहिली खेप नाही, दोनेक वर्षांनी पुन्हा काढलेली प्रत आहे. त्याच तबकडीवर ‘न्यूयॉर्क यूएसए’ असेल तर आणखी उशिराची. वाजायला दोन्ही उत्तम असू शकतात, भाव मात्र पायरीपायरीने उतरतो. उलट 1963 मध्ये निघालेल्या 4100 च्या घरातल्या अल्बमवर ‘न्यूयॉर्क यूएसए’ हेच पहिल्या खेपेचं लेबल. म्हणजे एकटा पत्ता काहीच सांगत नाही, तो वर्षाशी ताडून पाहावा लागतो.

आणि दोन्ही बाजू बघा. छापखान्यातला जुना साठा वाया घालवायचा नाही म्हणून एका बाजूला जुनं आणि दुसऱ्या बाजूला नवं लेबल लावलेल्या तबकड्या बऱ्याच आहेत. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीचा अल्बम, क्रमांक बीएलपी 1568. त्याच्या पहिल्या खेपेत एका बाजूला ‘न्यूयॉर्क 23’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एनवायसी’ असतं. या तबकडीच्या चांगल्या प्रतीला लिलावात 10,000 डॉलरच्या वर भाव मिळालेला आहे. लेबलवर ‘23’ हा आकडा आहे की नाही, यावर त्यातली मोठी रक्कम अवलंबून असते.

डेड वॅक्समधला कान

शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीला डेड वॅक्स म्हणतात. तिथे तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, कान. ब्लू नोटच्या तबकड्या 1966 पर्यंत न्यू जर्सीतल्या प्लॅस्टिलाइट या कारखान्यात छापल्या जात. त्यांची खूण म्हणजे वळणदार इंग्रजी ‘पी’. आडवा पडला की तो माणसाच्या कानासारखा दिसतो. दोन्ही बाजूंना एकेक असायला हवा. खूण इतकी हलकी असते की समोरून पाडलेल्या उजेडात दिसतच नाही. टेबललॅम्प तबकडीच्या पातळीवर आणून तिरका उजेड पाडला आणि तबकडी सावकाश फिरवली की उमटते.

दुसरी, ध्वनिमुद्रणतज्ज्ञ रुडी व्हॅन गेल्डर यांची खूण. आधी हाताने कोरलेलं ‘आरव्हीजी’, मग तेच ठशाने, आणि 1960 च्या दशकात पूर्ण ‘व्हॅन गेल्डर’ असा ठसा. विक्रेते या खुणेचा फार गाजावाजा करतात. पण लिबर्टीने छापतानाही जुनीच धातूची मास्टर वापरली, त्यामुळे ही खूण लिबर्टीच्या प्रतींवरही येते. जाहिरातीत ‘आरव्हीजी’ ठळक अक्षरांत आणि कानाबद्दल चकार शब्द नाही, असं दिसलं की कान नाही असं धरून चाला.

तिसरी, मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या साच्याचा क्रमांक. तो लेबलवरच्या क्रमांकाशी आणि बाजूशी जुळतो ना, एवढं पुरे.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. लिबर्टीने कंपनी घेतली तेव्हा ‘न्यूयॉर्क यूएसए’ची छापलेली लेबलं आणि कव्हरं शिल्लक होती. ती लिबर्टीने दुसऱ्या कारखान्यांत छापलेल्या तबकड्यांना लावली. समोरून पाहिलं तर 1963 ची मूळ प्रत, प्रत्यक्षात 1966 नंतरची. ओळख एकच: कान नाही. लेबलच्या फोटोवर भाळून मूळ प्रतीचा भाव देणारे दर महिन्याला सापडतात.

डीप ग्रूव्ह, कड आणि कव्हर

डीप ग्रूव्ह म्हणजे लेबलवर उमटलेलं साधारण 7 सेंटिमीटर व्यासाचं खोल वर्तुळ. जुन्या साच्यांमुळे ते पडे. 1961 पर्यंतच्या तबकड्यांवर ते दोन्ही बाजूंना असणं अपेक्षित असतं. पुढे जुने साचे अधूनमधून वापरात येत राहिले, म्हणून नंतरच्या काही प्रतींवर एकाच बाजूला दिसतं. वर्तुळ आहे म्हणून मूळ किंवा नाही म्हणून नक्कल, असा निकाल यावरून लावू नका. हा दुय्यम साक्षीदार आहे. तसंच अगदी सुरुवातीच्या तबकड्यांची कड चाकूने कापल्यासारखी सपाट असते. नंतरच्यांना कडेला बारीक उंचवटा येतो. फोटोत हे कळत नाही, विचारून घ्यावं लागतं.

कव्हरच्या मागच्या बाजूलाही पत्ता असतो. तो लेबलच्या काळाशी जुळला पाहिजे. फाटक्या कव्हरातली चांगली तबकडी आणि खराब तबकडीचं चांगलं कव्हर यांची सोयरीक जुळवून विकणं हा जुना धंदा आहे. तो गुन्हा नव्हे, पण विक्रेत्याने सांगितलं पाहिजे. कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं असेल तर ती सहसा नंतरच्या काळातली, उरलेला माल म्हणून स्वस्तात काढलेली प्रत. स्टिरिओच्या सुरुवातीच्या प्रतींना मोनोचंच कव्हर लावून वर सोनेरी ‘स्टिरिओ’ स्टिकर चिकटवत. तो नंतर चिकटवल्याची शंका घेऊ नका, मूळचाच असतो.

सीलबंद प्रतीचा मोह टाळा. प्लॅस्टिक पुन्हा चढवून देणारी यंत्रं कुठेही मिळतात, आणि बंद कव्हरातला कान कुणाला दिसलाय?

विक्रेत्याकडून काय मागायचं

बोली लावण्याआधी किमान दोन दिवस निरोप पाठवा. मागायचं ते हे: दोन्ही लेबलांचे सरळ फोटो, दोन्ही डेड वॅक्सचे तिरक्या उजेडातले फोटो, दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागाचे दिव्याचं प्रतिबिंब पडेल असे फोटो, कव्हरचा कणा आणि खालची शिवण, आणि तबकडी वाजवून दर्जा ठरवलाय की नुसती बघून. जमल्यास दोन्ही बाजूंच्या शेवटच्या गाण्याची अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत. शेवटचंच का, तर आतल्या खाचांत झीज आधी ऐकू येते. जुन्या जड टोनआर्मने (सुई धरणाऱ्या दांड्याने) घासलेली तबकडी चकचकीत दिसू शकते आणि ट्रम्पेट जोरात लागला की फाटलेल्या पत्र्यासारखी वाजते. ही झीज कुठल्याही धुण्याने जात नाही.

दर्जाची भाषा गोल्डमाइन या संग्राहकांच्या मासिकाच्या पद्धतीची: मिंट (कोरी), निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, मग जी (गुड). निअर मिंटचा भाव 100 धरला तर व्हीजी प्लसचा साधारण 50, व्हीजीचा 25 आणि जीचा 10 ते 15. फारच दुर्मिळ तबकडीला हे गणित लागू पडत नाही, कारण तिची निअर मिंट प्रत जवळजवळ बाजारात येतच नाही आणि व्हीजीवरही झुंबड उडते. सत्तरीकडे झुकलेली, पार्ट्यांमध्ये वाजलेली तबकडी कुणी सरसकट निअर मिंट म्हणून विकत असेल तर मनातल्या मनात एक पायरी खाली उतरा.

‘फक्त एक चरा आहे’ या वाक्याची किंमत काढता येते. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा 1.8 सेकंदांचा. 20 मिनिटांची एक बाजू म्हणजे सुमारे 667 फेरे, आणि ते साधारण 86 मिलिमीटर रुंदीत बसतात. दर मिलिमीटरला जवळपास 8 खाचा. खाचांना आडवा गेलेला, नखाला जाणवणारा 1 सेंटिमीटरचा चरा म्हणजे अंदाजे 78 वेळा ‘टक्’, सव्वादोन मिनिटांहून थोडं जास्त. तोच चरा खाचांच्या दिशेने गेला असेल तर टक्टक कमी, पण सुई एकाच जागी अडकण्याची भीती. म्हणून चऱ्याची लांबी विचारू नका. दिशा विचारा आणि तो नखाला लागतो का ते विचारा. कागदी आवरणातून काढताघालताना पडलेल्या केसांइतक्या बारीक रेषा बहुधा ऐकू येत नाहीत.

भाव काढणे

पॉपसाइक या साइटवर ईबेच्या जुन्या लिलावांचे शेवटचे भाव सापडतात, डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर तिथल्या विक्रीचा इतिहास दर्जासकट. दोन्ही वापरा, दोन्हींवर आंधळा विश्वास ठेवू नका. लिलावाचा शेवटचा आकडा म्हणजे पैसे पोचलेच असं नाही. जिंकणाऱ्याने माघार घेतली तरी आकडा नोंदीत राहतो. डिस्कॉग्जवर विक्रेते लिबर्टीची प्रत मूळ प्रतीच्या नोंदीखाली टाकतात, त्यामुळे सरासरी गढूळ होते.

पद्धत अशी. त्याच कॅटलॉग क्रमांकाच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या 8-10 विक्री काढा. प्रत्येकीचं वर्णन आणि फोटो वाचून पत्ता, कान, मोनो की स्टिरिओ आणि दर्जा जुळणाऱ्याच ठेवा. बहुधा तीन-चारच उरतात. त्यातली सर्वांत महाग सोडून द्या. तिथे दोन हट्टी माणसं भिडलेली असतात. उरलेल्यांच्या मधोमध जो आकडा येईल तो बाजारभाव. तीनसुद्धा उरल्या नाहीत तर दर्जाच्या वरच्या प्रमाणावरून अंदाज बांधा.

त्यातून आपली बोली मागे मोजत काढायची. समजा घरी पोचेपर्यंत 700 डॉलरच्या वर जायचं नाही, टपाल आणि विमा 45 डॉलर. भारतात आयात शुल्क नुसत्या तबकडीवर नव्हे, टपाल आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागतं. शुल्काचा दर बदलत असतो, तो त्या आठवड्यात कुरिअर कंपनीला विचारून घ्या. इथे उदाहरणासाठी सगळं मिळून 40 टक्के धरू, आणि परकीय चलनासाठी कार्डाचे साडेतीन टक्के. म्हणजे बोली आणि टपाल यांच्या बेरजेला 1.435 ने गुणायचं. 700 भागिले 1.435 म्हणजे सुमारे 488; त्यातून 45 वजा केले की 443. तुमची बोली 443 डॉलर, 700 नव्हे. हा हिशेब न करता ‘अजून एकच बोली’ म्हणणाऱ्याला पार्सल आल्यावर घाम फुटतो. अमेरिकेत किंवा युरोपात राहणारं नात्यातलं कुणी येणार असेल तर तबकडी त्यांच्या घरी उतरवता येते, पण हातसामानात एलपी आणायला सांगताना सुरक्षा तपासणीत ती कुणी वाकवून बघणार नाही असा कडक पुठ्ठा द्या.

शेवटचे दहा सेकंद

ईबेवर तुम्ही कमाल रक्कम टाकता, यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच चढते. जिंकलात तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी जास्त द्यावी लागते. 250 ते 500 डॉलरच्या घरात ही पायरी 5 डॉलर, 500 ते 1,000 मध्ये 10, आणि 1,000 ते 2,500 मध्ये 25 डॉलर. म्हणून आपली रक्कम गोल ठेवू नका. 440 च्या जागी 442.37 टाकलं तर 440 वर थांबलेला माणूस मागे पडतो.

आठवडाभर आधी बोली लावून काही मिळत नाही. फक्त इतरांना कळतं की इथे कुणीतरी जाणकार आलाय. शेवटच्या 6 ते 8 सेकंदांत एकदाच, आपली खरी कमाल रक्कम टाका. अमेरिकेतले बरेच मोठे विक्रेते रविवारी संध्याकाळी लिलाव संपवतात. पश्चिम किनाऱ्यावरचे संध्याकाळचे 6 म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. गजर लावून ठेवा, आणि पैसे भरण्याचा ओटीपी येणाऱ्या फोनला रेंज आहे ना ते बघा.

जपानच्या याहू लिलावात ही युक्ती सहसा चालत नाही. बहुतेक विक्रेते मुदतवाढ चालू ठेवतात: शेवटच्या 5 मिनिटांत बोली आली की वेळ आणखी 5 मिनिटांनी सरकते. तिथे परदेशातून बाय्यी किंवा झेनमार्केटसारख्या मध्यस्थामार्फतच बोली लावता येते. त्यांचं शुल्क आणि जपानमधलं टपाल वरच्या हिशेबात धरा. जपानी विक्रेते दर्जा फार कडकपणे लावतात, हा तिथला फायदा. ज्यांना फक्त आवाज हवा आणि कानाची हौस नाही, त्यांनी तिथे 1977 ते 1983 मधल्या किंग कंपनीच्या जपानी प्रती शोधाव्यात. मूळ प्रतीच्या किमतीच्या अगदी लहानशा भागात स्वच्छ, शांत तबकडी मिळते. 2019 पासून निघणारी टोन पोएट ही ब्लू नोटच्या नव्या आवृत्त्यांची मालिकाही त्याच कामाची. अशी नवी आवृत्ती आली की मूळच्या व्हीजी प्रतींची मागणी थोडी मंदावते, तेवढा काळ वाट पाहायला हरकत नाही.

पार्सल आणि पहिली धुलाई

पैसे भरतानाच लिहून कळवा: तबकडी कव्हराबाहेर काढून, आतल्या आवरणासह कव्हरच्या मागे ठेवावी. कव्हरात ठेवली तर पार्सल आपटताना ती आतून शिवण फाडते, आणि शिवण फाटलेलं कव्हर दर्जाची एक पायरी खाली जातं. दोन्ही बाजूंना कव्हरापेक्षा थोडे मोठे पुठ्ठे, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. तसं केलं की पार्सल कुठल्याच दिशेने सहज वाकत नाही. पार्सल उघडताना पत्त्यापासून सलग व्हिडिओ काढा. कान नसेल, तर तक्रारीत तोच उपयोगी पडतो.

वाजवण्याआधी धुवा. डिस्टिल्ड वॉटर 1 लिटर, त्यात फोटोच्या डार्करूममध्ये वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी एकसारखं पसरवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसऱ्यांदा. नळाचं पाणी वापरलं तर वाळल्यावर क्षार खाचांत राहतात आणि खरखर वाढते. लेबल कागदी आहे, ते भिजवू नका. उभी ठेवून सावलीत वाळवा. नवीन आवरणात घाला. मूळचं छापील आवरण फेकू नका, कव्हरामागे वेगळं ठेवा, विकताना तेही पुरावा असतं. बाहेरून पॉलिथिनचं कव्हर चालेल, मऊ पीव्हीसीचं नको. त्याचा तवंग तबकडीवर उतरतो. मुंबई-कोकणच्या पावसात कपाट भिंतीपासून चार बोटं दूर आणि तबकड्या उभ्याच.

वाजवताना मूळ मोनो प्रतीला मोनो कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर उत्तम. त्या काळच्या खाचेला 25 मायक्रॉनची सुई बसते. आजची 18 मायक्रॉनची सुई खाचेत जास्त खाली, जिथे कचरा साचलेला असतो तिथे टेकते. ‘मूळ प्रत खरखरते’ अशी तक्रार बऱ्याचदा सुईची असते.

आपल्याकडचा माल

या बाजारात मुंबई-गोव्याशी नातं सांगणाऱ्या तबकड्याही आहेत. मुंबईत जन्मलेले, गोमंतकीय घरातले गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा लंडनला गेले आणि 1969 मध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबत त्यांनी ‘हम दोनों’ हा अल्बम केला. ब्रिटिश कोलंबिया, क्रमांक एससीएक्स 6354. ब्रिटिश जॅझच्या सर्वांत महागड्या तबकड्यांत तो मोडतो. इथे कान वगैरे काही नाही. लेबल, मॅट्रिक्स आणि लॅमिनेट केलेलं कव्हर एवढ्यावरच पारख करावी लागते.

भारतातच छापलेली, परदेशी संग्राहक मागतात अशी तबकडी म्हणजे शंकर-जयकिशन यांची 1968 ची ‘रागा जॅझ स्टाइल’, एचएमव्ही ईसीएसडी 2377, सतारीवर रईस खान. चोर बाजारात आणि जुन्या घरांच्या आवरासावरीत अजून निघते. इथल्या प्रतींचे आजार ठरलेले: कव्हरवर बॉलपेनने मालकाचं नाव, सुटलेलं लॅमिनेशन, आणि खाचांत पांढरी बुरशी. बुरशी धुतल्यावर बरीच जाते, पण खूप वर्षं राहिली असेल तर तिच्या जागी बारीक डाग राहतात आणि तिथे सतत फसफस ऐकू येते. दुकानदारासमोर ओल्या मऊ कापडाने एक बोटभर जागा पुसून बघा. काळा भाग चकाकला तर घ्या. राखाडी राहिला तर मागितलेल्या भावाच्या चौथ्या हिश्श्यापासून बोलायला लागा.